सतराचा पाढा

१२ मार्च, गुरुवार. वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्यांची देठं काढायला मी आणि माझी धाकटी जाऊ बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्या कांडपावर न्यायच्या होत्या. जाऊ पाठ ताठ धरून बसली होती. सूप घ्यायला मी तिच्या मागून वाकले, माझा हात तिच्या पाठीला लागला, तशी ती विव्हळली. पदर बाजूला केला. ब्लाऊजपासून मानेपर्यंत वळ होते, काही काळे पडलेले, काही ताजे.

"कोनं मारलं?"

"मारलं नाई, जाऊबाई. उजळनी झाली."

उजळणी पाढ्यांची असते, एवढंच मला माहीत होतं. मग तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त सर राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको गेल्यानंतर एकदा ते न्हाणीत पडले. शुद्ध येईपर्यंत आपण छताजवळून आपलंच शरीर पाहत होतो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात तिथून झाली. बुलढाण्याच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी सूक्ष्म देह, तेजोवलय, चुंबकशक्ती असली जुनी पुस्तकं किलोवर आणली आणि त्यातून स्वतःची विद्या काढली. तिला ते थरविद्या म्हणत. माणसाच्या शरीराभोवती सात थर असतात. राग, रोग, वाईट विचार यांची काजळी त्यांच्यावर बसते, कंदिलाच्या काचेवर बसते तशी. दर गुरुवारी वर्ग भरे. फळ्यावर सात वर्तुळं, हजेरी, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, मग डोळे बांधून तळहातानं एकमेकांचे थर चाचपायचे. नारळ नाही, लिंबू नाही, अंगारा नाही. अंगात येतं म्हणणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढत. म्हणूनच शिकलेली माणसं तिथे बिनदिक्कत जात. काजळी फार जुनी असेल तर उजळणी करायची. सरांच्या हातात तांब्याची तार गुंडाळलेली छडी, वर्ग एका सुरात पाढा म्हणणार आणि प्रत्येक आकड्याला पाठीवर एक फटका.

माझ्या जावेला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू असल्या की वर्षातून एखादी. महाशिवरात्रीपासून गोळ्या बंद होत्या, कारण गोळ्यांनी थर बधिर होतात.

"आज जायचं नाही," मी म्हटलं.

"हाव," तिनं मान डोलावली.

मी मिरच्या पसरायला मागच्या अंगणात गेले. परत येईपर्यंत तिचा नवरा, माझा दीर, तिला घेऊन गेला होता. मी तशीच निघाले, हातही धुतले नाहीत.

सरांच्या दारात चपला ओळीनं लावल्या होत्या. आतून सतराचा पाढा ऐकू येत होता. फळ्याकडे तोंड करून जाऊ उभी, दोन बायांनी तिचे दंड धरलेले. सतरा पंचे पंच्याऐंशी, फटका. सतरा सक एकशे दोन, फटका. सतरा सत्तेला वर्ग फाटला. निम्मे एकशे एकोणीस म्हणाले, निम्मे एकशे नऊ.

"चुकलं," सर म्हणाले. "पहिल्यापासून."

म्हणजे फटकेही पहिल्यापासून. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्यावर खेकसला, "येत नाई तं तोंड बंद ठेव ना बे. तिच्या पाठीवर काऊन शिकून राह्यला?"

पुन्हा सतरा एके सुरू झालं आणि तिला फिट आली. दातखीळ बसली, मान मागे गेली, त्या दोघींच्या हातातून सुटून ती तोंडावर आपटली. टाचा फरशीवर आपटत होत्या. तोंडातून फेस आणि रक्त येत होतं.

"काजळी निघते आहे. थांबू नका," सर म्हणाले, आणि पडलेल्या अंगावर छडी मारली. वर्ग पाढा म्हणतच होता. माझा दीरही म्हणत होता, डोळे मिटून, हात जोडून.

मी छडी धरली. तारेनं मनगट फाटलं, पण छडी हातात आली. तीच त्यांच्या कानशिलावर घातली, दोनदा. सरांनी माझे केस धरले तेव्हा मी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी दाबलं. हाताला तिखट होतं हे माझ्या ध्यानात नव्हतं, त्यांच्या डोळ्यांच्या ध्यानात आलं. ते खाली बसून ओरडू लागले. दिरानं माझा हात पिरगाळला.

"वहिनी, तिचे थर फाटतीन."

"फाटू द्या, भाऊजी."

त्यानं मला चौकटीवर ढकललं. माझा पुढचा दात तुटला. मी त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, तो वाकला, तेवढ्यात जावेला कुशीवर वळवलं. मग वर्गातल्याच दोघांना ओरडून ऑटो आणायला लावला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात इंजेक्शननं फिट थांबली. गळ्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं विचारलं तर दीर म्हणाला, "जिन्यावरून पडली." आमच्या घराला जिना नाही. मी आधी तिचं हाड बघू दिलं.

बाहेरच्या बाकावर त्याला गाठलं. "जिना कोणता हो, भाऊजी?"

"बाबाकडं नेली असती तं जोडा मारा मले," तो म्हणाला. "मी तं सरांकडं नेली. मले सायन्स शिकोलं त्यायनं."

"आता पुढे काय?"

"पुढच्या गुरुवारी जाऊ, माफी मागू. पाढा अर्धा राह्यला ना तिचा."

तो ठेंगा दाखवत नव्हता, चिडवत नव्हता. पाढा अर्धा राहिला याची त्याला खरोखर काळजी होती. तो जिना कागदावर चढला की हिला पुन्हा त्या फळ्यासमोर उभं करणार, हे मला तिथेच कळलं.

सकाळी जाऊ शुद्धीवर होती, जीभ सुजलेली. मी गोळी दिली, गिळेपर्यंत उभी राहिले, तोंड उघडायला लावून आत बघितलं.

"जाऊबाई, मले बी जिनाच सांगायचा का?"

"नाही."

मग भाऊजींना सांगितलं, ती जिना सांगणार नाही, मीही नाही, आणि त्यांना पुढे घालून पायीच पोलीस ठाण्यात नेलं. हवालदारानं काय झालं विचारलं. भाऊजींनी मागे वळून पाहिलं. दारात मी उभी होते.

"मारलं तिले," भाऊजी म्हणाले. "मी तिथंच होतो."

सगळं सांगून होईपर्यंत मी दारातून हलले नाही.