पहिला फोन काकूंना

काकूंनी आमचं टेलिफोन एक्स्चेंज आतून कधीच पाहिलं नाही. घरापासून ते चालत पाच मिनिटांवर होतं, तरी नाही. पण गावातला कुठलाही फोन काकूंच्या कानातून गेल्याशिवाय चालू झाला, असं त्या काळात तरी घडलं नाही. नवा फोन बसला की त्यावरून पहिला फोन काकूंना. त्या "बोला, ऐकू यायलंय" म्हणाल्या की मगच आम्ही रजिस्टरात सही करायचो. खात्याच्या कुठल्याच पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं.

परभणीहून गंगाखेडला जाताना पोखर्णीच्या पुढं हे गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथं माझ्या हातून झालेला घोळ पुढं येणारच आहे. मी टेक्निशियन म्हणून रुजू झालो तेव्हा हातानं जोडायचा जुना बोर्ड जाऊन कपाटाएवढं इलेक्ट्रॉनिक यंत्र नुकतंच आलं होतं. त्यात कार्डं खोचलेली, आणि प्रत्येक कार्डावर आठ पोर्ट, म्हणजे आठ घरांच्या तारा जोडायच्या आठ जागा. तार जोडायची, कळफलकावरून त्या पोर्टला नंबर द्यायचा, त्याला बाहेरगावी बोलता येईल की गावातल्या गावातच ते ठरवायचं आणि पोर्ट चालू करायचा. दिवा लागला की काम झालं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि मी ते ब्रह्मवाक्य समजून आलो होतो.

काकूंचे यजमान अप्पा तिथले मेकॅनिक. कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोलणं इतकं कमी, की टेलिफोनच्या नोकरीत हा माणूस आला कसा, असा प्रश्न पडावा. पहिल्याच दिवशी मी ऐटीत त्यांना दिवा दाखवला. ते म्हणाले, "दिव्याला काय कळतंय? घरी लावा."

घरी म्हणजे काकूंना. अप्पांच्या नोकरीमुळं त्यांच्याकडं खात्याचा फोन होता, नंबर बत्तीस. अप्पा निवृत्त झाले की तो परत जायचा, हे ठरलेलंच होतं. पण तेव्हा निवृत्ती लांब होती. मी नंबर फिरवला आणि जोरात माझं नाव, हुद्दा वगैरे सांगितलं.

"नवीन दिसताव," पलीकडून शांत आवाज आला. "ओरडू नका, इंजिनियर साहेब. मी काय लांब पेडगावात न्हाई बसले."

मी इंजिनियर नाही, टेक्निशियन आहे, असं मी सांगितलं. "असंना का," काकू म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत मी इंजिनियर साहेबच राहिलो.

त्यांची तपासणी दुहेरी असायची. आधी नव्या घरून त्यांना फोन, मग त्या घरच्या नंबरावर त्यांचा उलटा फोन. "गेलेलं माघारी आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. दुसरा हट्ट असा, की पहिलं बोलणं घरातल्या बाईनं करायचं. "घरधनी काय, ते बोलतेतच. बाईच्या हातात द्या." मग परसातून, चुलीपुढून कुणीतरी पदराला हात पुसत यायची, रिसीव्हर उलटा धरायची आणि काकू तिला तो सुलटा करायला शिकवायच्या. उलटा धरलेला त्यांना पलीकडून कसा कळायचा, देव जाणे. ऊसतोडीच्या एका मुकादमाला पहिला फोन थेट कारखान्यात लावायचा होता. काकूंनी त्याच्याच बायकोशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि तो बिचारा दारात येरझाऱ्या घालत राहिला.

कान मात्र असा, की आमचं मीटर त्यापुढं लाजावं. "आवाज भिजल्यावानी यायलाय," त्या म्हणाल्या की लाईनमन खांबावर चढायचा आणि चिंचेच्या फांदीत घासून उघडी पडलेली तार सापडायची. मी आधी याला योगायोग म्हणालो. तिसऱ्या वेळेला गप्प बसलो.

आता माझा घोळ. गावात बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बरीच वाट पाहून फोन मंजूर झाला, आणि त्याच दिवशी पिठाच्या गिरणीलाही. अप्पा रजेवर होते. मी दोन्ही तारा जोडल्या, दोन्ही पोर्टना नंबर दिले, दोन्ही दिवे लागले. दोन्हीकडून काकूंना फोनही झाला. मी चहा मागवला. चहा यायच्या आत एक्स्चेंजचा फोन वाजला.

"इंजिनियर साहेब, दवाखान्यात ज्वारी कवापासून दळायलेत?"

"काय झालं, काकू?"

"बाईच्या नंबरावर उलटा फोन लावला, तर गिरणी वाजायलीय."

"दोन्ही दिवे लागलेत, काकू."

"लागू द्या की. दिवे लागलेत, पर घरं बदललेत."

पाहतो तर खरंच, तारा मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. दवाखान्याचा नंबर गिरणीच्या घरी आणि गिरणीचा दवाखान्यात. लगेच सुधारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अडलेल्या बाळंतिणीसाठी डॉक्टरीणबाईंना फोन आला आणि तो दवाखान्यातच वाजला. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. तो गिरणीच्या घरघरीत वाजला असता तर, या विचारानं मला आजही घाम फुटतो. त्या दिवसापासून दिव्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

अप्पा परत आल्यावर मी भीत भीत काकूंना विचारलं, त्यांना सांगितलं का? "नीट केलं न्हवं? मग झालं. कानात आलेलं तोंडात न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. गावातल्या सगळ्या घरांचे आवाज ज्यांच्या कानात, त्या बाईच्या तोंडून कुणाच्या घरची गोष्ट मी कधीच ऐकली नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला त्याच महिन्याच्या अखेरीस अप्पा निवृत्त व्हायचे होते. काकूंना मूलबाळ नव्हतं. दिवसातून चार-सहा वेळा वाजणारा तो काळा फोन हाच त्यांचा गोतावळा. तो जाणार या विचारानं माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. बत्तीस नंबर तपासणीसाठी म्हणून राखून ठेवावा, असा अर्ज घेऊन मी परभणीला गेलो. साहेब भले होते, हसून म्हणाले, "बाईंचा हुद्दा काय लिहू?" मी अर्जाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. निदान स्वतःचा फोन घ्या, मी वशिला लावतो, असं अप्पांना म्हटलं, तर ते म्हणाले, "म्होरं लय लोक उभे हायत. मी रांगंत लागलोय." त्यांच्या सबंध नोकरीतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण असावं.

शेवटच्या दिवशी पोर्ट बंद करायचं काम माझ्याकडंच आलं. मी आधी फोन लावला.

"काकू, आता बंद करतो."

"करा की. कुणाला द्यायलाव?"

नंबर आणि पोर्ट रांगेतल्या पुढच्या माणसाला, म्हणजे बियाण्याच्या दुकानदाराला जाणार होते. तसं सांगितलं.

"त्यांची सून दिसभर एकली असती घरात. तिच्या हातात द्या." मग म्हणाल्या, "बरं झालं बाई. कान दुखायला लागले होते."

हे खोटं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी कळ दाबली. दिवा विझला.

त्याच आठवड्यात दुकानदाराच्या घरी फोन बसवला. सून नवीनच होती, सासऱ्यापुढं बोलायला बिचकत होती. मी मुद्दाम तिच्याच हातात रिसीव्हर दिला.

"कुणाला लावू?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांची सवय, विचार न करता मी म्हणालो, "लावा, तीन आणि दोन."

तिनं लावला, ऐकलं आणि गोंधळून रिसीव्हर माझ्यापुढं धरला. मी कानाला लावला. गुंतलेल्या लाईनचा टूं टूं आवाज येत होता. बत्तीस नंबर आता याच घरचा होता, आणि फोन स्वतःलाच लावला की असाच वाजतो, हे माझ्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. रिसीव्हर मात्र मला खाली ठेववेना.

"कोन हाय तिकडं?" सुनेनं विचारलं.

"आमच्या काकू," मी म्हणालो. "कुणाशी तरी बोलायल्यात. थांबू या जरा."