वीस मिनिटं आणि दोन रोलर

आमच्या कारखान्यात बोलायचं काम मोठ्या जाऊबाईंचं आणि मोजायचं माझं, ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती. ती आपोआप पडत गेली. कोळसा वाहून नेणारे लांबच लांब रबरी पट्टे ज्या लोखंडी रोलरवरून फिरतात, ते रोलर आम्ही बनवतो. कारखाना सासऱ्यांनी काढला. त्यांच्या दोन्ही मुलांना नोकरीच बरी वाटली, म्हणून तो दोन सुनांकडे आला. मी मेकॅनिकल इंजिनिअर. ताई, म्हणजे जाऊबाई, वर्ध्याकडच्या शेतकरी घरातल्या, इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या. पण गिऱ्हाइकासमोर बसल्या की पाच मिनिटांत समोरचा माणूस आपल्या घरच्या गोष्टी सांगायला लागायचा. मी तेव्हा आत लेथजवळ बेअरिंगचं माप तपासत असायची आणि मला तेच आवडायचं.

बोलायची माझी भीती साधीसुधी नव्हती. उद्योजकांच्या एका कार्यक्रमात मला आभार मानायला उभं केलं होतं. मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून मी खाली बसले आणि प्रमुख पाहुणे तेवढे राहून गेले. ते शेजारच्याच खुर्चीवर होते. पुढे कित्येक महिने घरात कोणी मला पाणी दिलं की ताई त्याला म्हणायच्या, हिच्या आभारांची वाट बघू नका, ही विसरते.

मागच्या वर्षी उन्हाळा लागता लागता ताईंचा आवाज बसला. आधी आम्ही हळद-दूध, काढा असं सगळं केलं. मग रामदासपेठेतल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्वरतंतूवर छोटीशी गाठ होती, काळजीचं काही नव्हतं. ऑपरेशन लहानसंच झालं. पण डॉक्टरांनी घरी सोडताना जे सांगितलं, ते ताईंना ऑपरेशनपेक्षा जड गेलं. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि त्यानंतरही महिनाभर माइकचं नाव काढायचं नाही.

अडचण अशी होती की ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी शहरातल्या एका हॉटेलात मोठी बैठक होती. वीज केंद्रांचे आणि सिमेंट कारखान्यांचे इंजिनिअर येणार होते आणि आमच्यासारख्या माल पुरवणाऱ्यांना आपली वस्तू मांडायला वीस-वीस मिनिटं मिळणार होती. आमचा नवा रोलर तयार होता. बेअरिंगमध्ये पाणी-धूळ जाऊ न देणारं जे सील असतं, त्यावर मी दोन वर्षं घातली होती. कार्यक्रमपत्रिकेत ताईंचं नाव छापूनही झालं होतं.

दवाखान्यातून प्रताप नगरला घरी येताना गाडीत ताईंनी पर्समधून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं, ‘तू बोलशीन.’

मी म्हटलं, बैठकच सोडून देऊ. त्यांनी त्याच दोन शब्दांखाली पेनाने रेघ ओढली.

मग मी इंजिनिअर माणूस करतो तेच केलं, शिकायला गेले. दोन दिवसांचा वर्ग होता, खास कंपन्यांच्या प्रमुखांसाठी. शिकवणारे गृहस्थ मोठे रुबाबदार होते. पाय किती अंतरावर ठेवायचे, हात कुठवर उचलायचे, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत कसं पाहायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. सुरुवात एखाद्या थोर विचाराने करा, म्हणाले. माझ्याबरोबर एक प्लायवूडवाले काका होते. ते प्रत्येक वाक्यानंतर दोन्ही हात असे पसरायचे की वाटावं, आता कोणाला तरी कडेवर घेतात. वर्ग वाईट नव्हता. श्वास कसा सोडायचा हे मी तिथे शिकले आणि ते अजूनही उपयोगी पडतं. पण घरी आले ती चौतीस स्लाइड आणि इंग्रजीत पाठ केलेलं भाषण घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मी ताईंना ते म्हणून दाखवलं. ताई पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर वही. मी पाय मोजून ठेवले, हात पसरले, टाकीच्या डोळ्यांत पाहिलं. संपल्यावर त्यांनी वही उलटी करून दाखवली. ‘हे कोण बोलून राहिलं वं? आपल्या घरची नाही वाटत.’

मला राग आला. एवढी मेहनत घेतली होती. मी म्हटलं, तुम्हाला जमतं, म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतं. ताईंनी वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, ‘मले पण नाही समजत मी कशी बोलतो. मी फक्त समोरच्याचं तोंड पाहतो.’

पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी गच्चीवर तालीम चालली. ताईंजवळ स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. मी कारखान्यात कधीही वापरत नाही असा शब्द तोंडातून आला, की चमचा पेल्यावर वाजायचा. पहिल्या दिवशी इतका वाजला, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आज कसली पूजा आहे का. स्लाइड चौतीसच्या एकोणीस झाल्या. भाषण मात्र सुधारत नव्हतं. शब्द सोपे झाले, पण मी तशीच ताठ उभी राहायची, आणि मध्येच एखादं वाक्य विसरले की पुढचं सगळं गाडं घरंगळून जायचं.

त्याच आठवड्यात मला खापरखेड्याच्या वीज केंद्रात जावं लागलं. आमचे काही नवे रोलर तिथे चाचणीसाठी बसवलेले होते आणि त्यातला एक अडकल्याचा फोन आला होता. ताई घरी बसून कंटाळल्या होत्या. पास काढून त्याही बरोबर आल्या.

कोळशाच्या पट्ट्याजवळ एवढा आवाज असतो की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथले देखभालीचे फोरमन वयस्क होते, जरा चिडलेलेही होते. त्यांनी काढून ठेवलेला रोलर मला दाखवला. तो फिरत नव्हता. बेअरिंगमध्ये पाणी आणि कोळशाची भुकटी जाऊन घट्ट चिखल झाला होता. मी तिथेच उकिडवी बसले, पान्याने सील उघडलं आणि एका नजरेत चूक कळली. चूक आमचीच होती. सीलची एक कडा आमच्याकडूनच उलटी बसली होती.

फोरमनना मी ते समजावून सांगायला लागले. आवाजामुळे वाक्यं छोटी करावी लागली. एक वाक्य बोलायचं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं, समजलं असं दिसलं की पुढचं बोलायचं. हे पाणी इथून आलं. ही कडा अशी हवी होती. आम्ही ती अशी बसवली. आता सगळे रोलर मी स्वतः उघडून बघते. फोरमनचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनीच मग विचारलं की पट्टा धुतात तेव्हा पाणी खालून वर उडतं, हे तुम्ही ध्यानात घेतलंय का. मी घेतलं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ त्या रोलरवर डोकं घालून बसलो.

परत येताना गाडीत ताईंनी मला त्यांचा फोन दिला. त्यांनी सगळं चित्रित केलं होतं. आवाजात शब्द नीट कळत नव्हते, पण मी दिसत होते. हात आपोआप हलत होते, मी थांबत होते, वाकत होते, एकदा तर हसलेही होते. मी ते तीन वेळा पाहिलं. ताईंनी वहीत लिहिलं, ‘ही बाई पाठव त्या हॉटेलात.’

मी गाडी चालवणाऱ्या आमच्या सुपरवायझरना थांबायला सांगितलं, कारण मला जे सुचलं होतं ते चालत्या गाडीत सांगायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, ताई, मी तो अडकलेला रोलरच तिथे घेऊन जाते. सुरुवात त्यानेच करते.

ताईंचं पेन भराभर चाललं. ‘येडी झाली का? आपला खराब माल आपणच दाखवायचा? काहून?’

वीस वर्षं गिऱ्हाइकं जोडलेल्या बाईचा हा प्रश्न होता आणि तो रास्त होता. मी म्हटलं, “मला चांगलं बोलता येत नाही. पण हे कसं बिघडलं आणि ते कसं सुधारायचं, हे मला सांगता येतं. खरं म्हणजे तेवढंच येतं.”

ताईंनी पुन्हा पेन उघडलं. वही पुढे आली तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ‘फोरमन साहेबांले विचार. त्याईचं नाव घेऊ नको.’ मी फोन केला. ते हसले आणि म्हणाले, रोलर तुमचाच आहे, कुठेही न्या.

उरलेले दिवस मी सील बदलण्यात घालवले. फोरमननी सांगितलेलं पाणी ध्यानात घेऊन खालच्या बाजूला आणखी एक कडा दिली. स्लाइड सहा उरल्या.

बैठकीच्या दिवशी हॉटेलच्या दारात सुरक्षारक्षकाने माझी पिशवी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. आत काय आहे, असं त्याने विचारलं. दोन रोलर, मी म्हटलं. त्याने साहेबांना बोलावलं, साहेबांनी आणखी एका साहेबांना, आणि सगळ्यांना मला रोलर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आत पोचेपर्यंत माझी अर्धी धास्ती तिथेच खर्च झाली होती.

तरी माइकसमोर उभी राहिले आणि नमस्कार म्हटल्यावर पहिलं वाक्य गेलं. अगदी पुसून गेलं. समोर शंभरेक माणसं. ताई तिसऱ्या रांगेत होत्या आणि त्यांना काही सुचवता येणं शक्यच नव्हतं. मी श्वास सोडला, पिशवीतून पहिला रोलर काढला, टेबलावरच्या स्टँडवर ठेवला आणि हाताने ढकलला. तो हलला नाही.

“हा आमचा आहे,” मी म्हटलं. “एका महिन्यात अडकला. चूक आमची होती. ती काय होती, ते सांगते.”

मागच्या रांगेत फोनवर असलेले दोघं-तिघं वर बघायला लागले. मग मी एकेका चेहऱ्याकडे बघत बोलत गेले, मराठीत, मध्ये हिंदीत, इंग्रजी शब्द लागला तिथे इंग्रजीत. नवा रोलर ठेवून ढकलला आणि तो फिरत असतानाच पुढचं सांगत राहिले. शेवटी सिमेंटकडच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरनी विचारलं, भट्टीजवळच्या उष्णतेत हे सील टिकेल का. पूर्वीची मी काहीतरी पुटपुटले असते. मी म्हटलं, माहीत नाही, अजून तपासलेलं नाही. तुम्ही जागा द्या, मी तपासून सांगते. सभागृहात हशा पिकला, आणि तो माझ्यावरचा नव्हता. चहाच्या वेळी तेच इंजिनिअर कप घेऊन आले आणि चाचणीसाठी कधी येता, असं विचारलं. आणखी दोन ठिकाणांहूनही बोलावणं आलं.

ताई कोपऱ्यात उभ्या होत्या. वही काढली, पण काही न लिहिताच परत ठेवली आणि माझी पाठ थोपटली. मला तेव्हा जरा रडू आलं. त्यांनी समोसा पुढे केला, म्हणून ते निभावलं.

दोन आठवडे पुरे झाल्यावर डॉक्टरांनी ताईंना हळू बोलायची परवानगी दिली. घरात सगळे त्यांच्याभोवती जमलो, की त्या आता पहिलं काय बोलतात. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सतरा मिनटंच बोलली तू. तीन मिनटं काहून सोडली?”

आता बाहेरची बोलणी आम्ही दोघी मिळून करतो. ताईंचा आवाज थोडा खालच्या पट्टीत गेला आहे, लोक त्यांचं अधिकच कान देऊन ऐकतात. कारखान्यात शनिवारी सकाळी एक नवी रीत सुरू केली आहे. आठवड्यात जे बिघडलं ते ज्याच्या हातून बिघडलं त्यानेच सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, आणि कसं दुरुस्त केलं तेही. गेल्या शनिवारी वेल्डिंगच्या बाई पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. आधी पदर चाळवत होत्या. मग त्यांनी जोडाचा तुकडा हातात घेतला आणि अशा काही रंगल्या की चहा निवून गेला, तरी कोणी उठेना.