मुद्देमाल: निळे ड्रम

निळा ड्रम दिसला की ती घटना आजही आठवते. आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या शहरात निळा ड्रम नसलेले घर सापडणे कठीण.

तेव्हा मी पैठण रस्त्यावरच्या ठाण्याचा प्रभारी होतो. चितेगावजवळच्या वस्तीवरची एक बाई बाटली घेऊन आली. आतले पाणी चहाच्या रंगाचे.

"माझ्या बोअरचं हाय, साहेब. म्हैस मेली. लेकीच्या अंगावर चट्टे उठलेत."

"मावशी, आधी कुठं तक्रार दिली?" हवालदाराने विचारले.

"समद्यायकडं. जो तो वास घेतो अन् बाटली परत देतो."

पंचांसमक्ष नमुना घेतला, सील करून प्रयोगशाळेकडे पाठवला. तिला बजावले, "बोअर बंद. टँकरचं पाणी भरून ठेवा."

कुणीतरी कारखान्याचे रसायन चोरून ओतत असणार, आणि असली कामे रात्री होतात, हा आमचा खात्रीचा समज. आठवडाभर गस्त फुकट गेली. शेवटी तीच म्हणाली, "दुपारी बघा की. उन्हात कुत्रंबी बाहेर नसतंय."

दुसऱ्याच दुपारी पडक्या विहिरीत ड्रम ओतताना टेम्पोचालक सापडला. दोन तास त्याचे एकच पालुपद: "साधं पाणी हाय." खोटे बोलणारा मोठ्या प्रश्नाची तयारी करून येतो, लहान प्रश्नाची नाही. मी सहज विचारले, "रिकाम्या ड्रमांचं काय करतोस?"

"इकतो ना. चांगले धुऊन देतो, साहेब. पाणी भरायला लई मागणी हाय."

"साधं पाणी होतं, तर धुतोस कशाला?"

त्याने मान खाली घातली आणि कारखान्याचे नाव सांगितले. मालकाच्या केबिनमध्ये पर्यावरणरक्षणाचे सन्मानपत्र चौकटीत लावलेले होते. पंचनाम्यात मी तेही नोंदवले.

मग विकलेले ड्रम जप्त करायला निघालो. एक त्या बाईच्याच दारात निघाला. घासून लख्ख केलेला, झाकणावर पालथा तांब्या.

"महिना झाला, बोअरला हात लावला नाय," ती म्हणाली. "तुमीच म्हणलात भरून ठेवा, म्हणून घेतला. पण पोरीचे चट्टे काय जाईनात."

दोषारोपपत्र गेले. प्रयोगशाळेने कळवले की हे रसायन मातीतून, पाण्यातून लवकर जाणार नाही. आरोपीला लहान प्रश्न विचारण्याची माझी हातोटी खात्यात नावाजली गेली. फिर्यादीला मात्र मी एक लहान प्रश्न विचारला नव्हता: पाणी भरणार कशात?

त्या जप्तीच्या दिवशी ड्रम रिकामा करायला तिने तो कलंडवला, आणि तशीच थांबली. पुढे तिचे मेथीचे वाफे होते.

"हे ओतू कुठं, साहेब?"