नोकरीचं घर

पाकिटाचा डिंक अजून ओला होता. आत माझं एटीएम कार्ड आणि बँकेला जोडलेलं सिम. आदिलाबादच्या बसस्टँडजवळ कुरिअरच्या दुकानात मी बाकावर बसले होते, आणि फोनमधल्या दुसऱ्या सिमवर हिंदीत मेसेज येत होते : पावतीचा फोटो पाठवा. आज पार्सल निघालं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

नोकरी घरबसल्या टायपिंगची होती. मोबाइलवर जाहिरात दिसली, मी नाव कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी नेमणूकपत्र आलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जैनथकडच्या आमच्या गावात बाबांनी पारावर सगळ्यांना सांगून टाकलं. मग कंपनीच्या 'सरां'नी आधार कार्डाचा फोटो मागितला, तो मी पाठवला. आता म्हणत होते, पगाराचं खातं जोडायला कार्ड आणि सिम हैदराबादला पाठवा, आठवड्यात परत मिळतील. माझी शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. ते खातं अडकलं तर कॉलेजही अडकणार, एवढं मला कळत होतं. तरी मी पाकीट बंद केलं.

खरं सांगायचं तर, त्यांनी माझी मुलाखत घेतली नाही याचं मला बरंच वाटलं होतं. मी आरशासमोर उत्तरं पाठ केली होती. पण अनोळखी माणसासमोर माझी जीभ अडखळते, हिंदीत तर जास्तच. इथे सगळं मेसेजवर उरकलं. सरांचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता.

सकाळी बसमध्ये हेच मनात फिरत होतं, तेव्हा ताईची सोयरीक आठवली. घर पाहायला मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गेले, पण आधी पोराच्या घरी गेलेच नाहीत. गावाच्या तोंडावरच्या पानठेल्यावर बसले. "घरचे घर झाडून ठेवतेत," ते म्हणाले होते, "शेजारी काऊन झाडीन?" मी बसमधूनच हैदराबादला मावसभावाला फोन लावला. तो तिथे एसी दुरुस्तीचं काम करतो.

"दादा, एक घर पाहून येशील का?"

"काऊन, सोयरीक जमून राह्यली का तुई?"

"नोकरीचं घर आहे. पत्ता पाठवते. आत जाऊ नको, आजूबाजूला विचार."

"हुंडा किती मागते तुई नोकरी?" तो हसला, पण जातो म्हणाला.

आता त्याच्याच फोनची वाट पाहत होते. दुकानदारानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. "भेजना है क्या नहीं, अम्मा? गाडी आने वाली है." मी म्हटलं, पाच मिनिटं. सरांचा पुन्हा मेसेज आला, या वेळी नुसतं प्रश्नचिन्ह. बाहेर गाडी येऊन उभी राहिली. दुकानदार पोती उचलू लागला. माझा हात पाकिटासकट पुढे गेला, आणि फोन वाजला.

"पाठवलं का?" दादाच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

"नाही अजून."

"नको पाठवू. इथं दातांचा दवाखाना हाय. खाली वॉचमन हाय, तेलुगूत म्हणते, इथं कंपनी कधी नव्हतीच, पण पोरं येतेत इचारत. एका पोराचा बाप रडत आला होता म्हणे. पोरानं कार्ड देलं, चोरीचा पैसा त्याच्या खात्यातून फिरला, पोलीस घरी आले. आयकून राह्यली ना?"

मी ऐकत होते. दुकानदाराला मान हलवून नाही म्हटलं. तो काहीतरी पुटपुटला आणि गाडी गेली.

'नहीं भेजूंगी' एवढंच मी सरांना लिहिलं. लगेच फोन आला. पहिल्यांदाच आवाज. माझ्याच वयाचा मुलगा वाटला. म्हणाला, करार मोडलास, पोलीस घरी येतील, बापाला घेऊन जातील. पाठ केलेलं एकही उत्तर उपयोगाचं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "हमारा आदमी आपका घर देखने गया था. मिला नहीं."

फोन कट झाला.

घरी येईपर्यंत प्रत्येक जीप मला पोलिसांचीच वाटली. आईबाबांना सगळं सांगितलं. आईनं कानातलं काढून दिलं, त्याच्या टोकानं मी सिमची खाच उघडली. पाकिटातलं सिम परत बसलं आणि मेसेज वाजला तेव्हा तिघेही दचकलो. रिचार्ज संपत आल्याचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन बँकेत गेले, सायबरची तक्रारही केली. पारावर काय सांगायचं, असं मी बाबांना घाबरतच विचारलं. "घर पसंत नाही पडलं म्हणीन," ते म्हणाले.

पण आधारचा फोटो त्यांच्याकडे गेला, तो गेलाच. अजूनही अनोळखी नंबर वाजला की बाबा हातातलं काम थांबवतात. मी फोन उचलते, अडखळत का होईना, आधी विचारते : कोण बोलतंय, कुठून बोलतंय? उत्तर येईपर्यंत बाबा माझ्या तोंडाकडे पाहत असतात.