दामूभाऊंचा बॅनर

दामू जाधव हा माणूस माझ्या डोक्यात जातो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले तर माझा राग निवळला असं कुणाला वाटायला नको.

मी सफुरा. कर्जतच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. दामूभाऊ रेल्वेत गँगमन होते, तीस वर्षं रुळावरून चालले. रिटायर झाल्यावर माणसं गपगुमान घरी बसतात, ह्यांनी बुद्धविहारात वर्ग काढला. तोही कुणासाठी, तर अठराच्या आत ज्यांच्यावर केस झाली, शाळा सुटली, आणि बाल न्याय मंडळानं 'घरी राहा, पण शिक्षण पूर्ण करा' म्हणून सोडलं, त्या पोरापोरींसाठी. हुकूम देणारे हुकूम देऊन मोकळे. शिकायचं कुठं, ते कुणी सांगत नाही.

मग भाऊ दारोदार फिरले. खोपोलीच्या शिळफाट्याला झाकीरभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यांनी पुस्तकं दिली. एका क्लबनं पंखे दिले. मला म्हणाले, "भाभी, आठवड्याला दोन तास शिवण शिकवा." मी म्हटलं, मला मरायला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी चार पोरी दुकानात आणून उभ्या केल्या. नाही म्हटलेलं ह्या माणसाला ऐकूच येत नाही.

त्या चौघींत स्नेहल होती. कर्जतजवळच्या कळंबची, सोळा वर्षांची. शनिवार-रविवार तिकडच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरायला जायची आणि तिथं तिनं एका पाहुणीचा मोबाईल उचलला. उचललाच होता, उगाच कशाला झाकू? तीन दिवस तांदळाच्या डब्यात लपवला, चौथ्या दिवशी पोलीस आले. शाळेत तिला सगळे 'मोबाईल' म्हणायला लागले. मग तिनं शाळाच सोडली.

पोरीचा हात मात्र झकास. पहिल्या महिन्यात ब्लाऊजची बाही बिनचूक लावायला लागली. अभ्यासाला वर्षभर भाऊंनी बसवलं, बाहेरून दहावीला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्मही त्यांनीच भरला. शाळेचा दाखला आणायला चार खेपा झाल्या. कधी हेडमास्तर नाहीत, कधी क्लार्क नाही, कधी शिक्का कपाटात आणि चावी घरी. पाचव्या खेपेला भाऊ डबा घेऊनच गेले आणि ऑफिसच्या दारात जेवायला बसले. तेव्हा कुठं दाखला हातात पडला.

स्नेहलचं सगळं लक्ष खोपोलीच्या कॉलेजाकडं. मला म्हणायची, "चाची, कळंबला सगळ्यांना म्हायती हाय, कर्जतला निम्म्यांना. खोपोलीत मला कुणी वळखत नाय." बास, एवढंच हवं होतं तिला. जिथं तिला कुणी काही म्हणणार नाही असा एक वर्ग.

निकाल लागला, एकसष्ट टक्के. खोपोलीच्या एका कॉलेजात अकरावीला नावही लागलं. मी तिला निळा ड्रेस शिवून दिला. आता पोर सुटली म्हणून मी सुखानं झोपले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला निघाले तर नाक्यावर हा भला थोरला बॅनर.

मध्ये स्नेहलचा फोटो, निळ्या ड्रेसमधला. नाव, गाव, टक्के, हार्दिक अभिनंदन. खाली सहकार्य म्हणून यादी. पहिलंच नाव बाल न्याय मंडळ. मग ह्या पोरांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशनवाले साहेब, मग क्लब, मग झाकीरभाई, आणि शेवटी ठळक अक्षरात सफुरा लेडीज टेलर. एक पानवाला मान वाकडी करून वाचत होता. मला विचारतो कसा, "भाभी, हिनं काय केलं होतं वो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच विहारात गेले. "भाऊ, अशा पोरांचं नाव, फोटो छापायचा नाही. कायद्यात आहे. प्रोबेशनच्या साहेबांनी तुमच्याकडून लिहून घेतलंय ना?"

"साहेब चोरीचं छापायचं नाय म्हणाले, भाभी," भाऊ म्हणाले. "ही तर पास झाली. आपल्या वस्तीत पास झालेल्या पोराचा बोर्ड लागतोच. हिचा का नाय लावायचा? हिनं काय कमी मेहनत केली?"

"अहो, पण मंडळाचं नाव कशाला?"

"ज्यांनी मदत केली त्यांची नावं नकोत? मागल्या टायमाला तुमचं राह्यलं तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाय तुमी."

खरं होतं ते. पंधरा ऑगस्टच्या आभारात माझं नाव राहिलं म्हणून मी तोंड फुगवून बसले होते. आता सगळ्यांची नावं होती. कुणालाच रुसायला जागा नव्हती.

भाऊंनी स्वतः शिडी लावून बॅनर उतरवला. दुसरा शिळफाट्यावर होता, झाकीरभाईंच्या दुकानासमोर. तो त्यांनी फोनवर उतरवायला लावला. पण दोन्ही आदल्या रात्रीपासून टांगलेले होते, आणि क्लबवाल्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकलाही होता. आजकाल तेवढं पुरतं.

सोमवारी स्नेहल कागद द्यायला खोपोलीला गेली. दुपारी परत आली ती थेट माझ्या दुकानात. भाऊ तिथंच बसले होते. कागद घेणाऱ्यानं रांगेत सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू ती बोर्डवालीच ना? काय भानगड होती गं तुझी?" मागच्या पोरींनी लगेच फोन काढले. ही कागद उचलून निघून आली.

"मी उद्या येतो तुझ्यासंगं," भाऊ म्हणाले. "प्रिन्सिपलला भेटतो. त्या माणसाला माफी मागायला लावतो, बघ तू."

तिनं पिशवीतून मार्कशीट काढली आणि भाऊंच्या हातात दिली. "काका, ह्याच्यावर माज्या केसचं काय लिवलंय का?"

भाऊंनी चष्मा लावला आणि खरंच वरपासून खालपर्यंत वाचलं. "नाय."

"दाखल्यावर?"

"नाय गं."

"सरकारनं कुठंच नाय लिवलं, काका. मग तुमी का लिवलं?"

स्नेहलनं मार्कशीट घेतली, घडी न पाडता पिशवीत ठेवली आणि कळंबची टमटम पकडायला गेली. खोपोलीला ती पुन्हा गेली नाही.