बाल्कनीतली मोटर

ऑफिसातून घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. माझ्या पुरणाच्या चाळणीत नटबोल्ट निथळत होते, घरभर पेट्रोलचा वास होता आणि बाल्कनीत माझ्या तुळशीची कुंडी कोपऱ्यात सारून लाकडी घोडीवर एक काळंकुट्ट धूड लटकवलेलं होतं. होडीच्या मागे लावायची मोटर. नवरा तिच्यापुढे मांडी ठोकून बसला होता.

"अगं, फक्त साफ करायचीय," तो म्हणाला.

विमा कंपनीत बसून लोकांच्या अपघातांचे कागद तपासणारा हा माणूस!

हा प्रताप त्याच्या मित्राचा. मित्र रायगडच्या किनाऱ्यावरचा, मस्कतमध्ये एका दुकानात कामाला. त्याच्या अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, जुनी फायबरची होडी आमच्या अल् घुब्रा भागातल्या किनाऱ्यावर वाळूत कित्येक वर्षं पडून होती. मोटर चालू करा आणि शुक्रवारी खुशाल वापरा, असं अर्बाब म्हणाला आणि दोघांच्या अंगात आलं. माझा नवरा जन्माचा पुणेकर. खडकवासल्यापलीकडे पाण्याशी संबंध नाही.

पण मोटर चालू झाली, हे कबूल करायला हवं. त्यानं कार्ब्युरेटर उघडून जाळ्या साफ केल्या, मोटरला थंड ठेवणारं पाणी खेचणारा आतला रबरी पंखा बदलला. दर शुक्रवारी समुद्रावरून आल्यावर पार्किंगमध्ये गोड्या पाण्याच्या पिंपात ती चालवायची, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघतं. वॉचमन कटकट करायचा. मग दोघं ती लिफ्टनं वर आणून बाल्कनीत टांगायचे आणि माझी जुनी चादर तिच्यावर पांघरायचे. माझ्या अंगावर कधी इतक्या प्रेमानं पांघरूण घातलेलं आठवत नाही.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. समुद्रात ही म्हातारी बंद पडली तर? होडीत दुसरी मोटर नव्हती. "काही होत नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यात दिवाळीनंतर सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. एकुलता एक मुलगा शुक्रवारी पहाटे समुद्रात जातो हे ऐकून त्यांनी जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. दोन-तीन दिवस धुसफुसल्या आणि मग एकदम शांत झाल्या. मला वाटलं, सवय झाली.

दोघं परत कधी येणार, हे आम्हाला घड्याळात बघावं लागत नसे. मित्र जुम्म्याची नमाज कधी चुकवत नसे. अजानच्या आधी दोघं किनाऱ्यावर असायचेच, आणि त्या हिशोबानंच मी कुकर लावायची.

एका शुक्रवारी कुकर झाला, अजान झाली, मशिदीतून खुतबा, म्हणजे नमाजीआधीचं प्रवचन, ऐकू यायला लागला, आणि दारावर बेल काही वाजली नाही. नवऱ्याचा फोन लागेना. मित्राचाही लागेना. खुतबा संपून नमाज सुरू झाली तेव्हा मी गाडीची किल्ली उचलली. तो माणूस नमाज चुकवतो म्हणजे चुकवायला तसंच कारण हवं. मी सासूबाईंना गाडीत घातलं आणि किनारा गाठला.

समोर नुसतं पाणी. डोळे दिपत होते. सासूबाई वाळूत बसल्या होत्या आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या. मी मात्र बधिर झाले होते. साधं रडूही येईना. शेवटी एक मोठी होडी दिसली आणि तिच्यामागे दोरानं बांधलेली आमची. पुढची होडी एका ओमानी कोळ्याची. त्यानं उतरता उतरता आमच्या मोटरकडे हात केला आणि म्हणाला, "खलास."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मित्र म्हणाला, "वहिनी, इंजिन चालू होतं, पन पाण्यातला पंखा फिरेना. आम्ही बाहेरच ओढलो जात होतो. हा भला मानूस दिसला नसता तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर बाल्कनीत उघडली. नवऱ्यानं खालच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू काढला आणि तेलाऐवजी चक्क दुधाळ चहासारखं काहीतरी गळायला लागलं. आत समुद्राचं पाणी शिरलं होतं आणि गिअरचे दात झिजून गेले होते. मग त्यानं बाहेरचा, पाण्यात फिरणारा पंखा उपसला. त्याच्यामागे, दांड्यावर, एक काळा नायलॉनचा दोरा गच्च आवळून बसला होता. पाणी आत येऊ न देणारं रबरी सील त्या दोऱ्यानं कापून काढलं होतं.

"गळाची दोरी!" तो दोरा चिमट्यानं ओढून काढत नवरा ओरडला. "त्याला लाख वेळा सांगितलं, गळ टाकलास की इंजिन बंद कर. काल जीव गेला असता माझा!" त्यानं तेलकट हातानंच मित्राला फोन लावायला घेतला.

इतक्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. चिमट्यातल्या दोऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई, इथं आत जाऊन बसला होता होय? मी रोज चादर उचलून बघत होते, मेला दिसेचना!"

नवऱ्याचा हात हवेतच राहिला.

"आई, हा तुमचा?" मी विचारलं.

"करदोटा आहे. याला बांधला असता तर यानं काढून फेकला असता. म्हणून हिच्या कमरेला बांधला." आणि त्यांनी पंखा आणि पेटी यांच्यामधल्या बारीक जागेवर बोट ठेवलं. कंबर! मोटरची कंबर! सासूबाईंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. "बघ, तुटेपर्यंत धरून ठेवलं त्यानं. म्हणून काल घरी आलास."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं आणि माझ्याही ओठांवर तेच होतं. त्यानं फोन खाली ठेवला.

"अजून आहे का एखादा?" त्यानं विचारलं.

"आहे की. नवी मोटर आणलीस की हिच्यासारखाच—"

"नको, आई. मला बांध."

लहानपणानंतर ज्यानं अंगावर साधा गंडासुद्धा घालू दिला नव्हता, तो समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्यांदेखत टी-शर्ट वर करून उभा राहिला. पोट सुटलेलं, एक करदोटा पुरेना. सासूबाईंनी दोन जोडून घट्ट गाठ मारली आणि म्हणाल्या, "आता बिनघोर जा."

मी चिमट्यातून काढून घेतलेला तो तुटका दोरा मुठीत धरून मागे उभी होते. सासूबाईंच्या हाती तो पुन्हा लागू नये म्हणून मी मूठ उघडली नाही.