हाय. जेवाय बसलाय.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. त्यामुळं पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि मी गारगोटीजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा एका शेजाऱ्याचा प्रश्न फार लागला. "काय मर्दा, काढलं काय कामावरनं?"

मी हसून सोडलं. पण आतनं तीच धास्ती होती.

नेटवर्क फक्त माडीवर यायचं, म्हणून भुईमुगाच्या पोत्यांशेजारी टेबल मांडलं होतं. तेव्हा आमच्या टीमचा प्रमुख नेमायचा होता आणि ती जागा मला हवी होती. पुण्यातले सहकारी अधूनमधून भेटायचे, चहाचे फोटो ग्रुपवर टाकायचे. फोटो बघितला की वाटायचं, त्या चहावर काहीतरी ठरलं, आपण सोडून. माझ्या हातात एकच गोष्ट होती, कंपनीच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका. माउस काही मिनिटं हलला नाही की तो पिवळा व्हायचा. पिवळा म्हणजे माणूस जाग्यावर नाही. म्हणून जेवणसुद्धा मी माडीवर एका हातानं उरकायचो.

आईला ते बघवेना. माउस म्हणजे उंदीर, हे तिला मीच कधीतरी सांगितलेलं. ती म्हणाली, "ह्यो कसला उंदीर, हलवला न्हाय तर मरतोय? तू खाली जेव. आम्ही हलवतो."

एके दिवशी कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या तब्येतीवर व्याख्यान ठेवलं, तेही बरोबर जेवायच्या वेळेला. वेळेवर जेवा, खुर्चीतनं उठा, असं एक बाई पडद्यावर सांगत होत्या आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. ते संपल्यावर मी खाली पळालो. आईचे हात पिठात होते, म्हणून तिनं वडलांना वर धाडलं. आबा सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं लावून वाचणारे.

जेवून वर आलो तर आबा चष्मा लावून खुशीत बसलेले.

"तुझ्या सायबानं इचारलं, हाय काय म्हणून. सांगून टाकलं."

मी पडद्याकडं बघितलं. सरांनी इंग्रजीत नुसतं 'हाय' लिहिलं होतं. त्याखाली, माझ्या नावानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधून आबांनी मराठी उत्तर दिलं होतं: 'हाय. जेवाय बसलाय. या जेवाय.'

"आबा, त्यांचं हाय म्हणजे नमस्कार असतोय!"

"असंल. आपलं हाय म्हणजे हाय. तू हाईस का न्हाईस?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. गेली आपली जागा, म्हटलं. मग खोटं कशाला बोला, म्हणून उंदरासकट सगळं सांगितलं.

"भाजी कसली होती?" सरांनी विचारलं.

"मेथी."

"मी लॅपटॉपसमोरच बिस्किटं खाल्ली. जेवताना पिवळा होऊ दे तुझा ठिपका. वडलांना सांग, येईन कधीतरी."

ती जागा पुढं चहाच्या फोटोतल्या एकालाच मिळाली. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर अजून वाटतं. पण त्या दिवसापासनं दीड वर्ष मी रोज खाली, चुलीपुढं मांडी घालून जेवलो. तव्यावरनं थेट ताटात येणारी भाकरी, खर्डा, मधे ठेवलेला ताकाचा तांब्या, आणि कुठल्या म्हशीनं आज लाथ मारली ते रंगवून सांगणारे आबा. कॉलेजला गेल्यापासनं एवढे सलग दिवस मी आईबापाच्या पंगतीला बसलोच नव्हतो. पुन्हा बसेन असंही वाटत नाही.

आता कंपनीनं पुण्याला बोलावून घेतलंय. ठिपका दिवसभर हिरवा असतो. एक वाजला की मोबाईलवर आबांचा मेसेज येतो, "हाय?"

कामात असलो तरी त्यांना खोटं लिहवत नाही. डबा उघडतो, पहिला घास घेतो आणि मग कळवतो, "हाय. जेवाय बसलोय. या जेवाय."